बोलत पळणाऱ्या विहिणी

दातवाल्या मॅडमचा नियम साधा होता: पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा जोरात पळताय, आणि शर्यतीच्या दिवशी अर्ध्या वाटेत आडवे होणार. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना एक शब्द बोलू न देणारी ही बाई सकाळी तलावाकाठी मात्र सगळ्यांना बडबड करायला लावायची. ज्यांचा वेग सारखा त्यांची जोडी, आणि मॅडम सगळ्यांच्या मागे. एखादी जोडी गप्प झाली की मागून आवाज आलाच, "आवाज येत नाहीये!"

नियमात काही खोट नव्हती. खोट होती नशिबात. कारण अख्ख्या गटात गाडीवाल्या काकूंचा वेग फक्त एकाच बाईशी जुळला, आणि ती बाई म्हणजे त्यांच्या विहीणबाई.

काकू गाडी चालवायला शिकवायच्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि जीव मुठीत धरून शहरभर फिरायचं, असा त्यांचा धंदा. विहीणबाईंचं चष्म्याचं दुकान होतं. काकूंची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली, आणि लग्नाच्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

झालं होतं असं की ऐन लग्नात काकू स्टेजमागे जाऊन आपल्या बहिणीच्या कानात म्हणाल्या, "जावई सोन्यासारखा मिळालाय गं, पण त्याची आई म्हणजे एक नंबरची कजाग!" शेजारच्या टेबलावर माइक पडला होता. मेला चालू होता! हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत 'कजाग' स्पष्ट ऐकू गेलं. आणि विहीणबाई काय कमी होत्या? त्या तरातरा स्टेजवर गेल्या, तोच माइक उचलला आणि म्हणाल्या, "कजाग आईच मुलाचं सोनं करते. तुमच्या लेकीला साधा बटाटा सोलता येत नाही. काळजी करू नका, तेही कजाग सासूच शिकवेल." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काकूंना ते बोलणं एक वेळ सोसलं असतं, पण त्या टाळ्या काही केल्या विसरता येईनात.

"तिने माफी मागितल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही," काकूंनी जाहीर केलं. विहीणबाईंनीही तेच जाहीर केलं, फक्त घर बदलून. बिचारी लेक तेव्हापासून एकटीच ये-जा करत होती.

मग काकूंच्या रक्तात साखर निघाली आणि त्या पळायला आल्या. विहीणबाईंचे गुडघे आखडले होते, म्हणून त्या आल्या. पहिल्याच सकाळी समोरासमोर! पण मागे कोण फिरणार? मी का सोडू, तिने सोडावं, असं दोघींनी मनात म्हटलं आणि दोघींनी बुटांच्या नाड्या आवळल्या.

पहिले काही दिवस नुसते फुसफुस श्वास. मागून मॅडमचा घोषा चालूच, "काकू, आवाज येत नाहीये!" शेवटी काकूंनी समोर बघून सुरू केलं, "क्लच दाबा. गिअर टाका. आरशात बघा." विहीणबाईंनीही तोंड उघडलं, "डावा डोळा झाका. खालची ओळ वाचा. नाही दिसत? बरं, आता?" पुढच्या जोडीतला बेकरीवाला मागे वळून बघायला गेला आणि हसता हसता झुडपात शिरला.

असं किती दिवस चालणार? एका सकाळी विहीणबाई म्हणाल्या, "आरशात बघा म्हणे! आधी माइककडे बघायला शिका."

"मी खासगीत बोलले होते!" काकू उसळल्या. "माइक चालू राहिला हा त्या माइकवाल्याचा गाढवपणा. तुम्ही मात्र चारचौघांत, मुद्दाम, ठणकावून बोललात!"

"म्हणजे पाठीमागे बोललेलं चालतं होय?"

"कुजबुजीला कुजबुजीच्या मापाने उत्तर द्यायचं असतं!"

झालं. बांध फुटला. त्या दिवशी भांडता भांडता तलावाला दोन फेऱ्या कधी झाल्या ते दोघींनाही कळलं नाही. याआधी एका फेरीतच दोघींची जीभ बाहेर यायची. मॅडमनी पाठ थोपटली. "सुंदर! उद्यापासून अशाच भांडत राहा."

मॅडमची आज्ञा दोघींनी इतकी मनावर घेतली की विचारू नका. रोजचा रतीब सुरू झाला. आणि गंमत बघा, भांडायला समोरचं माणूस लागतं, त्यामुळे दोघी एकमेकींना दांडी मारू देईनात. एकदा काकूंनी आळस केला, पांघरूण डोक्यावरून ओढलं, तर खालून खणखणीत आवाज आला, "काय विहीणबाई, हरलात का?" तिसरा मजला, लिफ्ट नाही, सगळी आळी झोपलेली. काकू दात ओठ खात खाली उतरल्या आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पळाल्या. विहीणबाई चढावर मागे पडल्या की काकू पुढून ओरडायच्या, "अहो, पहिल्या गिअरवर या! चढ आहे, तिसऱ्यावर कशाला रेटताय?" दोघींनी एकमेकींना कधी एक शब्द धड गोड सांगितला नाही, पण सोडूनही दिलं नाही.

भांडणात लेकीची बातमी यायची, तीच काकूंना खरी हवी असायची. विहीणबाई तक्रारीच्या सुरात सांगायच्या, "तुमची कन्या काल मध्यरात्री उठून डबाभर बिस्किटं खाऊन बसली." काकू फणकारायच्या, "दिवस गेलेत तिला, भूक लागणारच." वरून फणकारा, आत जीव गोळा व्हायचा. कारण सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी लेकीला अंथरुणातून उठायची बंदी केली. जिने तर अजिबात नाहीत. म्हणजे लेक आता काकूंच्या तिसऱ्या मजल्यावर येणार नाही. फोनवर ती म्हणायची, "आई, ये ना गं." काकू म्हणायच्या, "बघते." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायच्या. आपण जाऊ शकतो, कोणी दार लावून घेतलेलं नाही, हे त्यांना कळत होतं. पण हॉलभर बोललेला शब्द गिळायचा कसा?

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा विहीणबाईंनीच विषय काढला. "असं करू. दहा किलोमीटरात जी मागे राहील तिने माफी मागायची. त्याच दिवशी, दुसरीच्या घरी जाऊन."

"कबूल," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, चला, निदान एकदाचा निकाल लागेल.

शर्यतीच्या सकाळी सगळा गट एकसारखे पिवळे शर्ट घालून उभा होता. बेकरीवाला रात्रभर भट्टीपाशी उभा राहून तसाच आला होता, भुवयांना पीठ लागलेलं. मॅडमनी शेवटचं बजावलं: दीड तासात शेवटची रेघ ओलांडायची, नाहीतर पदक नाही, आणि जो आधी पोचेल त्याने तिथे बसकण मारायची नाही, उलट फिरून मागच्यांना आणायला यायचं. "आपल्यातला एकही एकटा येता कामा नये," त्या म्हणाल्या. बंदूक वाजली आणि दोघी विहिणी सवयीने एकदमच निघाल्या.

पहिला निम्मा रस्ता मजेत गेला. पावलाला पाऊल, शब्दाला शब्द. विहीणबाईंचा श्वास लागला तेव्हा काकूंनी भांडण मुद्दाम सावकाश केलं. काकूंच्या बरगडीत कळ आली तेव्हा विहीणबाईंनी त्यांच्या ड्रायव्हिंगवर असं काही तोंडसुख घेतलं की काकू कळ विसरून उत्तर द्यायला धावल्या. पण शेवटचा किलोमीटर लागला आणि काकू गप्प झाल्या.

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. आपण जिंकलो तर काय होईल? विहीणबाई तीन जिने चढून येतील, माफी मागतील, चहा पितील आणि जातील. लेक मात्र तिकडेच. आणि हरलो तर? आजच, अजून तासाभरात, आपण तिच्या दारात! अगं बाई, मग जिंकायचं कशाला मरायला? काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं की हरायचं. मान गेली तर गेली. लेक महत्त्वाची.

शेवटची रेघ समोर दिसायला लागली तशा काकू मंदावल्या. शेजारी बघतात तर विहीणबाईही मंदावलेल्या. काकू आणखी हळू झाल्या. विहीणबाईही झाल्या. आता दोघी पळत नव्हत्या, बाजारात भाजी बघत चालावं तशा चालत होत्या. काकू पटकन खाली वाकल्या. "माझी नाडी सुटली. तुम्ही व्हा पुढे."

"माझ्या पोटरीत गोळा आलाय," विहीणबाई म्हणाल्या आणि पाय धरून उभ्या राहिल्या. "तुम्हीच व्हा."

"गोळाबिळा काही नाही. मघापासून ठणठणीत पळताय."

"तुमच्याही नाडीची गाठ इथून दिसतेय मला. चष्म्याचं दुकान आहे माझं!"

आधी पोचलेला बेकरीवाला त्यांना आणायला धावत आला होता. तो दोघींभोवती गोल गोल पळत ओरडला, "अहो काकू, काय चाललंय? भांडण रेघेच्या पलीकडे जाऊन करा! घड्याळ चाललंय!" रेघेवरून मॅडम हातवारे करत होत्या. मागून येणारे लोक बाजूने वळसा घालून पुढे जात होते.

"तुम्हाला हरायचंय का?" काकूंनी विचारलं.

"हो, हरायचंय!" विहीणबाई तडकून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही माइक बंद आहे समजून बोललात. मी चालू आहे हे बघून बोलले. वर्षभर झोपताना त्या टाळ्या ऐकू येतात मला. माफी माझ्याकडून यायला हवी. पण नुसती कशी मागायची, जमेना. म्हणून ही पैज."

काकूंनी नाडीवरून मान वर केली. त्यांना वाटायचं की त्या टाळ्या आपल्यालाच ऐकू येतात.

"तुमचं काय?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला का हरायचंय?"

काकूंनी आता नाटक सोडलं. "मला लेकीला बघायचंय हो. हरले तर आजच तुमच्या घरी येता येईल."

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग जिंकून या ना! त्यासाठी हरायला कशाला पाहिजे? घर काय पैजेत लावलं होतं मी? चला, उठा!" आणि त्यांनी काकूंचं मनगट असं धरलं की सुटायची सोय नाही. बेकरीवाल्याने दुसऱ्या बाजूने दंड पकडला. वेळ संपता संपता तिघंही एकाच वेळी धडपडत रेघेपलीकडे गेली आणि मॅडमच्या अंगावर कोसळली. मॅडम हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि वर म्हणत होत्या, "शेवटी शेवटी तुमचा आवाज फारच येत होता!"

काकू घामेजल्या शर्टानेच विहीणबाईंच्या घरात शिरल्या. दारात थबकायला त्यांना वेळच मिळाला नाही. विहीणबाई मागून ढकलत होत्या. आतल्या खोलीतून लेकीने पैजेची चौकशी केली, "कोण जिंकलं?"

"ह्या," दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवून.

आईचा आवाज ऐकून लेकीच्या हातातली उशी खाली पडली. काकूंनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, लेकीचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "किती सुजलेत गं."

"उशीवर उंच ठेवत जा म्हणून रोज कानीकपाळी ओरडते मी," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "ऐकते कुठे!"

"लहानपणापासून अशीच आहे. एक अक्षर ऐकायची नाही."

"आणि बिस्किटं? ती तर मी आता कुलपात ठेवणार आहे."

"ठेवाच. किल्ली माझ्याकडे द्या, मी रोज पळून झालं की येतेच."

लेक आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून वाहत होते, पण तिला हसूही आवरेना. ती डोक्यावरून चादर ओढून घेत म्हणाली, "मेले! आता माझं काही खरं नाही."