झोपून पाहा

गाद्यांच्या दुकानात विक्रेत्याने झोपणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पण आमच्या घोरपड्यांचं सगळंच उलटं. आडनाव त्यांचं भलतंच होतं. घोरपडे हे शेजाऱ्यांनी घोरण्यावरून ठेवलेलं नाव, आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायचा.

एका दुपारी गिऱ्हाइकाला मऊपणा दाखवायला ते काचेजवळच्या गादीवर आडवे झाले आणि वाक्य अर्धवट सोडून डाराडूर झोपले. मालक ओरडणार, तोच गिऱ्हाईक भारावून म्हणालं, "हीच द्या!" मालक पक्का बेरकी. त्याने दुसऱ्याच दिवशी काचेवर 'झोपून पाहा' अशी पाटी लावली आणि घोरपड्यांना तिथे निजायचं काम दिलं. माणसं काचेला नाक लावून बघू लागली, गाद्या हातोहात खपू लागल्या. झोपायचा पगार घेणारा अख्ख्या बाजारात हा एकच माणूस, त्यामुळे घोरपड्यांची कॉलर ताठ झाली.

बायकोला मात्र या कौतुकाचा संताप यायचा. घरी हा माणूस चहाचा कप धरून पेंगणार, बोलता बोलता डुलकी काढणार, सकाळी डोकं दाबत उठणार. शेवटी तिने त्यांना दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी झाली.

"झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास थांबतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मेंदू घाबरून तुम्हाला ढोसून जागं करतो. रात्रभर हेच. म्हणजे तुम्ही झोपता, पण तुमची झोप होत नाही. रक्तदाब उगीच नाही चढलाय. पुढे हृदयावर येईल. रोज हा मास्क लावून झोपा, यातल्या हवेने घसा उघडा राहतो." मग त्या बायकोकडे वळल्या. "घोरण्याने तुमचीही झोपमोड होत असेल ना?"

"घोरण्याची सवय झालीय हो. घोरणं थांबलं की जाग येते. परत सुरू होईपर्यंत बसून राहते."

घोरपडे यावर खो खो हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बाई, पण दिवसाची झोप?"

"उडेल."

"उडेल? अहो, माझं पोट आहे त्यावर!"

"नोकरी दुसरी मिळेल," बायको म्हणाली. "दुसरा नवरा शोधायला मला सवड नाही."

मास्क आला. घोरणं बंद झालं, डोकेदुखी पळाली, आणि घोरपडे टवटवीत झाले. इतके टवटवीत की दुकानातल्या गादीवर डोळ्याला डोळा लागेना. खोटं खोटं घोरून पाहिलं, पण त्यांना शिंक आली. बाहेरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालकाने बजावलं, "उद्या झोपला नाहीत तर परवापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी घोरपडे डबा घरीच विसरले. बायको तो घेऊन दुकानात आली. तिचे डोळे लाल होते.

"तुला काय झालंय?"

"आता तुमचा आवाजच येत नाही. सारखी उठून नाकाशी बोट धरून बघते, चालू आहात की नाही. जरा टेकते हं."

काचेजवळच्या गादीवर टेकली ती झोपलीच. बघता बघता काचेबाहेर गर्दी जमली. मालक हात चोळत धावत आला. "घोरपडे, अहो, तुमच्यापेक्षा वहिनी भारी! उद्यापासून त्यांनाच पाठवा!"

घोरपड्यांना आपलं ते दवाखान्यातलं हसणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं झोपायची शेखी आपण मिरवली, आणि पहारा मात्र हिने केला. ते उठले, गर्दीच्या तोंडावर सर्रकन पडदा ओढला.

"गिऱ्हाइकं जातील!" मालक किंचाळला.

"हळू बोला. मी उद्यापासून येत नाही, झालं? पण हिला उठवायचं नाही."

ते गादीच्या कडेला बसले. बायकोने डोळे न उघडताच विचारलं, "तुम्ही जागे आहात ना?"

"टक्क जागा आहे."

"मग ठीक," ती म्हणाली, कुशीवर वळली आणि घोरू लागली.