वादळाची तारीख

माझ्या हिला जाऊन वर्ष झालं, त्या दुपारी साडू बायकोला घेऊन माझ्या घरी आला आणि चहा होण्याआधीच त्याने नवी तारीख सांगितली.

"येत्या बावीसला," फोन माझ्या नाकासमोर धरून तो म्हणाला. "सूर्यावर मोठा स्फोट झालाय. उपग्रह बंद, वीज बंद, वरून किरणांचा मारा. पृथ्वी वाचली तर नशीब."

"मागच्या वर्षी अठरा सांगत होतास."

"तेव्हा थोडक्यात हुकलं, दादा."

मेव्हणी, हिची धाकटी बहीण, स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिथूनच म्हणाली, "ह्यांच्या पृथ्वीचं दरवेळी थोडक्यात हुकतं. गॅस मात्र वेळेवर संपतो."

मला हसू आलं. मग साडूने आवाज खाली आणला. "आमच्या हिचं ऑपरेशन बावीसलाच आहे. पुढं ढकलायला सांगतो. टेबलावर असताना वीज गेली तर?"

मी बशी खाली ठेवली. मेव्हणीच्या छातीत गाठ निघाली होती. हिलाही तिथंच निघाली होती.

मी इस्पितळात जनरेटर चालवतो, सव्वीस वर्षं. वीज गेली की दहा सेकंदांत मशीन सुरू व्हायला हवं. रोज सकाळी ते चालवून बघायचं आणि वहीत सही करायची. गेल्या वर्षी बॅटरी थकली होती, तीनदा किल्ली फिरवल्याशिवाय मशीन हलत नव्हतं. नवी मागितली होती, आली नव्हती. वहीत मात्र मी रोज 'ठीक' लिहीत होतो. अशा वह्या अशाच भरतात.

"अठराला ताईचं ऑपरेशन का झालं नाही, माहितीय?" मी विचारलं.

"माहीत नसायला काय झालं?" मेव्हणी हात पुसत दारात आली. "डॉक्टर परगावी गेला होता, मेला. दीड महिना घालवला ताईचा."

वर्षभर ती त्या डॉक्टरला शिव्या देत होती आणि मी मान हलवत होतो.

"डॉक्टर कुठंच गेले नव्हते," मी म्हणालो. "त्यांना मी सांगितलं, हिला ताप आहे. हिला सांगितलं, डॉक्टर नाहीत."

साडू माझ्याकडे बघत राहिला. "माझ्या व्हिडिओमुळं?"

"तुझ्या सूर्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण जनरेटरची बॅटरी थकली होती, तिच्यावरही नव्हता. त्या दिवशी तिथं चार ऑपरेशनं झाली. दिवा एकदाही मिचकावला नाही. पुढची तारीख मिळेपर्यंत हिचं पसरलं होतं."

नळ ठिबकत होता.

"ताईला कळलं होतं, भाऊजी?"

"नाही."

"मग आम्हाला तरी कशाला सांगितलंत?"

"तू बावीसला जावंस म्हणून."

"जाईन." तिने पर्स उचलली. "तुम्ही मात्र येऊ नका."

"माझी ड्यूटी आहे."

"मशीनपाशी बसा. वर यायचं नाही."

चहा तसाच राहिला.

नवी बॅटरी आली, ही गेल्यावर महिन्याने. बैल गेला आणि झोपा केला. बावीसला मी मशीन सहाला चालवून बघितलं, सातला, पुन्हा आठला. प्रत्येक वेळी पहिल्याच किल्लीला सुरू झालं. मग शेजारी स्टूल ठेवून बसलो. भिंतीवरचा दिवा जळत होता. त्याच्याकडे बघून बघून डोळ्यांत पाणी आलं, पण नजर काढली नाही.

दुपारी साडू जिना उतरून आला.

"झालं. शुद्धीवर आलीय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात."

"बरं."

"वीज गेलीच नाही, दादा."

"नाही गेली. माझं काही विचारलं तिने?"

त्याने खिशातून फोन काढला, बघितलं, परत ठेवला. "नाही."

तो वर गेला. सकाळची सही राहून गेली होती. मी वही ओढली आणि 'ठीक' लिहिलं.