एकच काडतूस

मी एक जुना ओकच्या लाकडाचा काउंटर आहे. मोन्टानातल्या एका लहानशा गावात, बंदुकांच्या दुकानात उभा आहे, आणि मित्रांनो, खरं सांगतो, गिऱ्हाइकांचा मला वीट आलाय.

पूर्वी असं नव्हतं. मालक ऑर्विल टँगेन याच्या आजोबांनी स्वतः रंधा मारून मला घडवलं. शिकारीचा मोसम आला की शेतकरी माझ्यावर कोपरं टेकायचे, काडतुसांचं एक खोकं न्यायचे आणि तेवढ्यात घरच्या हिवाळ्याच्या मांसाची सोय व्हायची. जाता जाता कुणीतरी मला थोपटायचं, "काय गुळगुळीत आहे रे!" मी सुखावायचो.

मग काडतुसांच्या टंचाईची आवई उठली. झालं! सगळ्यांच्या अंगात आलं. ऑर्विलने पाटी लावली, 'माणशी एकच खोकं.' तर हे शूरवीर घरची वरात घेऊन रांगेत! ड्वाइट प्रुइट हा विमा विकणारा, जन्मात ससा मारला नव्हता मेल्याने. त्याने बायको आणली, मेहुणा आणला, चाकाच्या खुर्चीतली सासूसुद्धा आणली. सासूची पाळी येईतो फळीवर जुन्या मापाचं एकच धुळकट खोकं उरलं होतं.

"तेही दे," ड्वाइट म्हणाला.

"अरे, या मापाची बंदूक आहे का तुमच्याकडे?" ऑर्विलने विचारलं.

"नाही. पण मिळतंय ना? मग सोडायचं कशाला?"

घोड्याचा पत्ता नाही आणि नालांची खरेदी!

मागे मार्लिस हाउगेन उभी होती. सत्तरीची, एकटी बाई. नवऱ्यामागे राहिलेल्या तिच्या रायफलीला नेमकं तेच माप लागायचं. मोसम रविवारी संपणार होता आणि तिचा फ्रीजर रिकामा होता.

"ड्वाइट, एक काडतूस दे रे. पैसे देते. एका हरणाला मला एकच पुरतं."

"नाही हो काकू. उद्या प्रसंग आला तर?"

"अरे, माझ्यावर आजच आलाय की!"

तो खोकं काखेत मारून चालता झाला. ऑर्विल मान खाली घालून मला पुसत राहिला. त्याचाही मला राग आला. पाटी लावायची अक्कल होती, नाही म्हणायची नव्हती.

मार्लिसने तो हिवाळा बटाटे आणि डब्यातल्या घेवड्यावर काढला. वसंतात ती मासे धरायचे गळ घ्यायला आली, तेव्हा ड्वाइट तेच खोकं परत करायला उभा होता. तळघरात म्हणे जागा उरली नव्हती! विकलेली काडतुसं ऑर्विल परत घेईना.

"मग काकू, तुम्हीच न्या. फुकट!"

"आता? हरिणींच्या पोटात पिल्लं आहेत, बाबा."

तरी तिने खोकं उघडलं, एक काडतूस काढलं आणि रुमालात बांधलं. पुढच्या मोसमासाठी.

"अहो, सगळीच घ्या ना!"

"मी एकच मागितलं होतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

उरलेली एकोणीस माझ्यावर टाकून ड्वाइटही गेला. मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल लावा, स्वतःसाठी एवढंच मागतो. आणि कधी फळीवर शेवटचं खोकं दिसलं, तर हात घालण्याआधी जरा मागे वळून बघा.