पाचशे दहाव्या किलोमीटरवरची ताई

सातशे किलोमीटर, चार खिंडी, साठ तास. वेल्डर या सायकल-फेरीत दोनदा उतरला होता आणि दोन्ही वेळा टेम्पोत बसून परत आला होता. तिसऱ्यांदा टेम्पोत बसलो तर सायकल कापून तिचं फाटक करीन, असं तो दुकानात सगळ्यांसमोर बोलून बसला होता.

तिसरी खिंड उतरून तो ताईच्या घरापाशी आला तेव्हा पिशवीतलं खाणं कधीच संपलं होतं. पुढचं गाव चौथ्या खिंडीपलीकडे.

ताई दारातच उभी. "ये आत. बटाटे उकडलेत, अंडी आहेत. आणि ते मोजे बाहेरच काढ, वास इथपर्यंत येतोय."

"ताई, आत नाही येता येणार."

"का? पाय मोडलाय?"

त्यानं नियम सांगितला. रस्त्यावर जे कुणालाही मिळतं तेच घ्यायचं. सख्ख्या बहिणीचा बटाटा म्हणजे खासगी मदत. खाल्ला की बाद.

असले नियम करणारे गादीच्या खुर्चीत बसून करतात आणि भूक लागली की आत हाक मारतात. पण वेल्डरनं खाली सही केली होती, आणि त्याच्या लेखी सही म्हणजे पक्का सांधा.

"इथे कोण बघतंय तुला?" ताई म्हणाली. "तो डोंगर चुगली करणार आहे?"

"मी बघतोय ना."

"मोठा आलास साधुपुरुष! चार वर्षांनी तोंड दाखवतोस आणि माझ्या बटाट्यांना नाक मुरडतोस?"

ताई आत गेली. दोन भांडी आपटल्याचा आवाज आला. ती बाहेर आली. "मागे अजून कोण आहे?"

"दोघं. एक दातांचा डॉक्टर, एक शाळेतल्या बाई."

ताईनं टेबल ओढत रस्त्याच्या कडेला आणलं. तो हात लावायला पुढे झाला तशी खेकसली, "लांब हो, बाद होशील!" एका पुठ्ठ्यावर कोळशानं लिहिलं: कुणीही यावं, खावं. पातेल्यावरचं झाकण निघालं. वेल्डरनं हात घातला आणि हातावर उलथनं बसलं.

"आधी पाहुणे."

"अगं, माझा वेळ चाललाय!"

"सगळ्यांसाठी मांडलंय. घरच्यानं आधी हात मारायचा नाही. हा माझा नियम."

पंचवीस मिनिटं तो वाफेकडे बघत उभा राहिला. मग डॉक्टर आला. रोग्यांना हळू चावा म्हणून सांगणारा हा माणूस बटाटे गिळत होता. मागोमाग आलेल्या बाईंनी नीट बसून खाल्लं, वर मीठ कमी आहे म्हणाल्या. शेवटी वेल्डरच्या ताटलीत दोन बटाटे आणि एक अंडं पडलं. ते कुठे गेलं त्यालाही कळलं नाही.

"अजून एक दे."

"सगळ्यांना दोन-दोन."

"ताई, मी सख्खा भाऊ आहे तुझा!"

"तेच तर चालत नाही म्हणालास."

डॉक्टरला हसताना ठसका लागला. वेल्डर सायकलवर बसला. दोन बटाटे, एक अंडं आणि ताईवरचा राग, एवढ्यावर तो चौथी खिंड चढला. रागच जास्त पुरला.

तो पोचला तेव्हा अकरा मिनिटं शिल्लक होती. टेबलामागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "वाटेत खासगी मदत घेतली?"

"मागितली होती," वेल्डर म्हणाला. "सख्ख्या बहिणीनं दिली नाही. लिहा तसं."