यादीतली सतरावी केबल

निरुपमा पागनीस रावपुऱ्यातल्या एका सल्लागार कंपनीत चोवीस वर्षं विजेच्या कामाची ड्रॉइंगं काढत होती. किती भार येणार, कुठली केबल कुठून कुठे जाणार, हे इंजिनिअर ठरवायचा. निरुपमा ते कागदावर रेघेरेघेनं मांडायची. तो कागद समोर धरून साइटवरचा इलेक्ट्रिशियन तारा जोडायचा. तिघांची गाठ क्वचितच पडे.

मार्चमध्ये पादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्याचं काम आलं. इंजिनिअर होता अभिजित प्रधान, चौतिशीचा, हुशार, एकाच वेळी चार कामांत अडकलेला. त्यानं दिलेल्या यादीत मुख्य पॅनेलला येणाऱ्या सतरा केबल्स होत्या आणि त्याच्याच कच्च्या आकृतीत सोळा. निरुपमाला ते लगेच दिसलं. तिनं यादीवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं आणि त्याच्या टेबलापाशी गेली.

"अभिजित, ही सतरावी कुठे दाखवायची?"

तो फोनवर बोलत होता. "यूपीएसची असेल, ताई. बाजूच्या खोलीतून येणारी. आत्ता राहू द्या, बघून सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. तिनंही परत विचारलं नाही. चार दिवसांनी सोळा केबल्सच्या ड्रॉइंगवर अभिजितची सही झाली आणि ड्रॉइंग यादीच्या प्रतीसकट साइटवर गेलं. केबल टाकणाऱ्यांनी मात्र यादी बघून सतराच्या सतरा जोडल्या.

जूनमध्ये त्या पॅनेलमधला एक स्विच बदलायला धनाजीराव मोहिते गेले. लहरीपुऱ्याजवळ राहणारे, तीस वर्षं हेच काम करणारे. ड्रॉइंगमध्ये दाखवलेला मुख्य स्विच त्यांनी बंद केला आणि पॅनेलमध्ये हात घातला. बाजूच्या खोलीतल्या यूपीएसच्या बॅटरीवर चालणारी सतरावी केबल मात्र जिवंत होती. मोठा आवाज झाला, जाळ झाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक श्रीपतराव निरुपमाच्या टेबलापाशी आले. मागे अभिजित उभा होता.

"सतरावी केबल दाखवून नवीन ड्रॉइंग कर," श्रीपतराव म्हणाले. "तारीख मार्चचीच राहू दे."

"म्हणजे त्या इलेक्ट्रिशियननंच ड्रॉइंग नीट बघितलं नाही, असं होईल," निरुपमा म्हणाली.

"कंपनीत चाळीस माणसं आहेत, निरुपमा."

तिनं अभिजितकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"मला हे जमणार नाही, साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. धनाजीरावांचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला होता. त्यांच्या पत्नी जिजाबाई चमच्यानं त्यांना खिचडी भरवत होत्या. निरुपमानं नाव सांगितलं.

"एन. पागनीस म्हणजे तुम्ही?" धनाजीराव म्हणाले. "ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव असतं. मला वाटायचं, कोणी पुरुषमाणूस असेल." मग म्हणाले, "टेस्टर खिशातच होता, ताई. लावला नाही. तुमचं ड्रॉइंग कधी चुकलेलं बघितलं नव्हतं."

"मला ती केबल दिसली होती," निरुपमा म्हणाली. "एकदा विचारलं आणि सोडून दिलं."

जिजाबाईंचा चमचा वाटीतच राहिला. "एकदाच?"

निरुपमानं मान हलवली. जिजाबाईंनी पुन्हा चमचा भरला. निरुपमा उठली तेव्हा त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

आठवड्यानं सरकारी विद्युत निरीक्षक चौकशीला आले. निरुपमानं मार्चची यादी, पेन्सिलीच्या खुणेसकट, त्यांच्यापुढे ठेवली. मालक खिडकीबाहेर बघत राहिले. निरीक्षकांनी विचारलं, "हे कोणाला विचारलं होतं?"

ती उत्तर देण्याआधी अभिजित बोलला. "मला. मी बघतो म्हणालो आणि विसरलो. त्या ताईंनी मी दिलं ते काढलं. तपासायचं काम माझं होतं, सही माझी आहे."

त्या महिन्याअखेर त्यानं नोकरी सोडली. जाताना निरुपमाच्या टेबलाशी थांबला. "येतो, ताई," एवढंच म्हणाला. धनाजीरावांची दोन बोटं काढावी लागली. त्यांना आता बारीक स्क्रू धरता येत नाही.

ऑगस्टमध्ये पॅनेलचं ड्रॉइंग नव्यानं करायचं ठरलं. निरुपमानं सांगितलं, आधी मी कारखान्यात जाऊन येईन. ड्रॉइंग काढणारे इथं कधीच येत नाहीत, याचं तिथल्या व्यवस्थापकांना नवल वाटलं. ते गुजरातीत म्हणाले, "बेन, ड्रॉइंगवाळा तो क्यारेय आवता नथी."

"हुं आवी छुं," मी आले आहे, असं ती त्यांच्याच भाषेत म्हणाली.

इलेक्ट्रिशियननं सगळ्या लाइन बंद केल्या, तपासल्या आणि पॅनेलचं दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपण काढलेल्या पॅनेलसमोर उभी होती. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक केबल म्हणजे एकसारखी बारीक रेघ. इथं त्या मनगटाएवढ्या जाड होत्या, जमिनीतून वर येऊन वाकलेल्या. दाराच्या आतल्या बाजूला जूनमधल्या जाळाचा काळा डाग तसाच होता.

"एकेक दाखवा," ती म्हणाली. "कुठून आली, कुठे जाते. घाई नाही."

दुपार कलेपर्यंत ती उभ्यानं लिहीत होती. डबा पिशवीतच राहिला.