तीन टिंबांचा जोड

उतारावर मालवाहू गाडी मधोमध तुटली तेव्हा लोहार बायकोशी भांडत होता. "घण जरा बेतानं मारत जा, ऐरण काय तुझी सवत आहे?" असं तो म्हणाला. मागून उत्तर आलं नाही. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच निरुत्तर झाली या आनंदात त्यानं आणखी चार वाक्यं ठोकली, मग मागं पाहिलं. बायको नव्हती, ऐरण नव्हती, मागची अर्धी गाडीच नव्हती! ती अर्धी वर धुळीत नाक खुपसून बसली होती आणि पुढची अर्धी त्याला घेऊन दगडी बांधावर गेली. जबडा दोन ठिकाणी फुटला. सहा दात बांधात असे रुतले, की पुढं वर्षभर लोक म्हणायचे, बांध हसतोय.

लोहारीण कपाळाचं रक्त पुसायलाही थांबली नाही. नवऱ्याला दवाखान्यात टाकलं, मागचा अर्धा भाग ट्रॅक्टरला बांधला आणि घण खांद्यावर टाकून ती थेट जुन्या गाड्यांच्या दलालाच्या आवारात शिरली. दलालाला सगळे मधबोट्या म्हणत. अकरा दिवसांपूर्वी त्यानंच ही गाडी यांच्या गळ्यात मारली होती.

"वहिनी, बघून घेतली ना?" मधबोट्या गोड हसला. "फाटकाबाहेर गेली की गाडी तुमची अन् खड्डाही तुमचा."

"पावतीवर तूच लिहिलंयस, अपघात न झालेली गाडी."

"नव्हताच झाला. तो तुमच्या मालकांनी केला!"

त्याच्या दोन माणसांनी तिचे दंड धरले. तिनं कोपर मागं मारलं. एकाच्या नाकाचा चेंदा झाला. दुसऱ्याच्या पायावर घणाचा दांडा बसला, तसा तो एका तंगडीवर नाचत टायरांच्या ढिगात पडला. पुढचा घाव टेबलावर, त्यापुढचा गाडीच्या खालच्या सांगाड्यावर. रंग उडाला, भेगा बुजवलेल्या लांबीचे पोपडे पडले आणि खाली जोड दिसला. जोडावर तीन टिंबं.

घण हातातच थांबला.

ती टिंबं तिच्या नवऱ्याची. साध्या विळ्यावरही तो पोगराच्या टोकानं तीन टिंबं उठवायचा. तिला आठवलं, गेल्या साली मधबोट्याच दोन लोखंडी तुकडे घेऊन आला होता. म्हणाला, पाण्याच्या टाकीखालची चौकट आहे. लोहारानं कधी गिऱ्हाइकाला खोदून विचारलं नाही. लोखंड आलं की सांडशीत धरायचं, एवढंच त्याला ठाऊक.

मधबोट्यानंही टिंबं पाहिली. टाळ्या पिटत ओरडला, "या रे, बघा! मी गाडी घेतली त्याच्या आधीचा यांच्याच घरचा जोड! कच्चा निघाला अन् बोंब माझ्या नावानं!"

जमलेली माणसं फिदीफिदी हसली. लोहारणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवऱ्याचे दात गेले ते गेले, आता नावही जाणार. तिनं घण डोक्यावर उचलला. मधबोट्या मटकन बसला.

तेवढ्यात तिची नजर तुटल्या कडेवर गेली.

"डोळे उघड, मेल्या. जोड तसाच आहे. तुटलंय ते चार बोटं पलीकडं, तुझं कुजकं लोखंड!" ती लोकांकडं वळली. "अन् जोड जुना आहे हे याच्याच तोंडचं. म्हणजे आम्हाला विकायच्या आधीच गाडी मोडली होती. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

लोकांनी माना डोलावल्या. घण खाली आला, तो मधबोट्याच्या दोन पायांच्या मधोमध. फरशी फुटली. त्याचं धोतर वाचलं, पण कोरडं राहिलं नाही.

लोहारणीनं मागची अर्धी गाडी तशीच भट्टीवर ओढत नेली. ग्राहक मंचात तिनं टेबलावर दोनच गोष्टी ठेवल्या, पावती आणि तीन टिंबांचा कापलेला तुकडा. सहा महिन्यांनी निकाल आला: गाडी परत घ्या, किंमत द्या, जबड्याचा खर्च द्या.

मधबोट्या दोन्ही अर्धुकं न्यायला भट्टीवर आला, त्याच सकाळी लोहाराच्या जबड्याची दुसऱ्यांदा बांधलेली तार निघाली होती. मधबोट्यानं अर्धुकं ओढून पाहिली, ढकलून पाहिली. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "मिस्त्री, नेता येईनात. तेवढं जोडून द्याल का?"

लोहारानं सांडशी उचलली. सहा महिन्यांनी तोंड उघडलं, तेही बोळकं.

"कशासाठी पाहिजे, ते आधी सांग."

मागं लोहारीण घण घेऊन उभीच होती.