दोरी

वारा फिरला तेव्हा मार्लिसने एकदाच सांगितलं, "ड्वेन, आता पुरे. आवर."

नावेत बंदूक धरून उभ्या भावाला नेमकं तेव्हाच अजून एक बदक मारायचं होतं. तेवढ्यात सॅगिनॉचा उपसागर चवताळला. मग साहेब लगबगीने आमिषाची, खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यात सोडलेली लाकडी बदकं गोळा करायला लागले. सगळी एकाच लांब दोरीला बांधलेली, दोरीच्या टोकाला नांगर. बापाने, अर्विनने, हिवाळ्यामागून हिवाळे घालवून देवदारातून कोरलेली. दोरी नावेच्या मागूनच ओढायची, हा त्याचा दंडक. पुढून ओढली तर पत्र्यावर आपटून बदकांचा रंग उडतो म्हणे. रंग!

त्यात नांगर तळाशी अडकला. ड्वेनने दोरी मागच्या खुंटीला आवळली. नाव मागून जखडली गेली आणि लाटा बुटक्या मागच्या फळीवरून सरळ आत येऊ लागल्या.

"सोड ती! पुढे बांध!" इंजिनाचा दांडा धरून मार्लिस ओरडली.

"बाबा काय म्हणतील?"

"आधी खाली बस, गाढवा!"

तो उभाच. पुढची लाट त्याच्या छातीपर्यंतच्या रबरी विजारीत शिरली. गुडघाभर पाण्यात काडतुसं तरंगायला लागली. अजून दोन लाटा, की भाऊ गेला. तिने सुरी काढली.

"मार्लिस, नको! बाबांची आहेत ती!"

"तूही बाबांचाच आहेस!"

तिने दोरी कापली. नाव उसळली. तिने नावेचं तोंड लाटांकडे वळवलं, भावाला तळाशी बसवून हातात कॉफीचा रिकामा डबा दिला. "उपस. तोंड बंद ठेवून उपस." मागे ती देखणी बदकं रांगेने डुलत राहिली. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती, आणि रडायला तिला सवड नव्हती.

धक्क्यावर अर्विन उभा होता. त्याने आधी बदकं भरायच्या रिकाम्या पोत्यांकडे पाहिलं.

"बदकं?"

"मी कापली दोरी, बाबा," दात वाजवत ड्वेन म्हणाला. खरं कळलं तर बाबा बहिणीच्या हातून नाव काढून घेतील, हे त्याला ठाऊक होतं.

"खोटं बोलू नकोस," मार्लिस म्हणाली. "मी कापली. मागून दोरी ओढायला लावाल तर पुन्हा कापेन. नाव काढून घ्यायची तर घ्या."

अर्विनचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण ड्वेन थरथरत खाली बसला होता. म्हातारा गुडघ्यांवर टेकला आणि पोराची विजार ओढून काढू लागला. बादलीभर बर्फासारखं पाणी फळ्यांवर सांडलं. पाणी संपेचना. त्याचे हात थांबले.

"नाव बांध," मान वर न करता तो म्हणाला. "पुढून."

मार्लिसने नाव बांधली. माफी मात्र तिने मागितली नाही.